होडी किती मोठी घ्यायची? आधी रांगोळीने आखून बघा

(गटाच्या मासिक बैठकीत वाचण्यासाठी पाठ)



शेळीपालन, शिलाई मशीन, डाळ मिल यावर आपण या अंकांतून बरंच बोललो. या महिन्याचा विषय आहे होडी. हसू नका. आपला उमरगा तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो हे खरं, पण तुरोरी, जकापूर आणि बेनीतुरा हे मध्यम प्रकल्प आपल्याच तालुक्यात आहेत. शेजारी लोहारा तालुक्यात माकणीला तेरणा नदीवर निम्न तेरणा धरण आहे. साठवण तलाव आणि पाझर तलाव तर बऱ्याच गावांना आहेत. पाणी आलं की कटला, रोहू, मृगळ येतात आणि काठावरच्या घरांना चार पैसे मिळतात.

अशाच एका तलावाकाठच्या गावातल्या गटाने मला बोलावलं. त्या गटातल्या चार ताईंच्या घरी मासेमारी चालते. आजवर जाळं टाकायला पुरुष जायचे, तेही थर्माकोलचे तुकडे बांधून केलेल्या तराफ्यावर, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून. मासे विकायचं काम ताईंचं. पण घरची माणसं कामाला पुण्याला गेली की जाळं खुंटीला. ताईंचं म्हणणं होतं, "आम्हालाबी पाण्यात जायचंय, पण थर्माकोलवर नाही. आम्हाला होडी पाहिजे. कर्ज किती काढावं लागंल ते सांगा."

माझी चूक आधी सांगते

मी समाजकार्य शिकलेली मुलगी. होडीतलं मला काय कळतंय? मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. चकचकीत ॲल्युमिनियमची १६ फुटी होडी, सहा माणसं आरामात बसलेली, खाली लिहिलेलं की समुद्रातही चालते आणि तलावातही. मी बैठकीत तोच व्हिडिओ दाखवला आणि म्हटलं, "घ्यायची तर मोठीच घेऊ. परत परत कर्ज कोण काढणार?"

मागे एक मावशी बसल्या होत्या. त्यांचं माहेर भोई समाजाचं, लहानपण तलावावरच गेलेलं. त्या म्हणाल्या, "आगं पोरी, मे महिन्यात पाणी पार आत सरकतंय. मग ही जर्मनची होडी चिखलातनं उचलणार कोण? तू येतीस व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. होडीचा आकार व्हिडिओ बघून किंवा विकणाऱ्याला विचारून ठरत नाही हे मला त्या दिवशी कळलं. आपलं पाणी कसं आहे, होडीत ओझं किती जाणार आणि ती उचलणारे हात किती, या तीन गोष्टींवरून तो ठरतो. त्यानंतर आम्ही जे शिकलो ते इथं क्रमाने लिहिते.

१. आधी आपलं पाणी ओळखा

लाट वाऱ्याने उठते. वाऱ्याला मोकळं पाणी जेवढं लांब मिळेल तेवढी लाट मोठी होते. गावचा पाझर तलाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाक मारली तर ऐकू जाईल एवढा असतो. तिथं लाट फारशी वाढत नाही. मध्यम प्रकल्पाच्या पाण्यात वारा सुटला की बारीक, उभ्या लाटा येतात आणि लहान होडीत पाणी उडतं. उजनीसारखा मोठा जलाशय असेल तर गोष्टच वेगळी.

२१ मे २०२४ ची बातमी तुम्हाला आठवत असेल. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. तो समुद्र नव्हता, धरणाचंच पाणी होतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर येणारं वळवाचं वारं आपल्याकडेही तसंच येतं. म्हणून "आपला तो तलावच, त्याला काय घाबरायचं" असं कुणीही म्हणू नये.

साधारण अंदाज असा धरा:

- लहान तलाव, काठ सगळीकडून दिसणारा: १० ते १२ फूट लांब होडी.
- मध्यम प्रकल्प: १२ ते १४ फूट, रुंदी किमान ४ फूट, काठाची उंची दीड फुटाच्या आसपास.
- उजनीसारखं फार मोठं पाणी: १६ फूट किंवा त्याहून मोठी, काठ उंच आणि इंजिन बसवलेली.

आणखी एक गोष्ट बघा. आपल्या तलावांत पाणी कमी झालं की बाभळीची खोडं, जुने बांध, दगड वर येतात. चपट्या बुडाची होडी गुडघाभर पाण्यातही चालते. खोल, व्ही आकाराच्या बुडाची होडी लाट चांगली कापते, पण तिला पाणी जास्त लागतं. आपल्याकडच्या उथळ पाण्याला चपटं किंवा किंचित व्ही असलेलं बूड बरं.

२. ओझ्याचा हिशेब

हा हिशेब आम्ही बैठकीत फळ्यावर केला. अवघड नाही.

होडी जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाचं ओझं ती तोलते. १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद पेटी पाण्यात १ इंच बुडाली तर ४ घनफूट पाणी बाजूला होतं. १ घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ किलो. म्हणजे दर इंचाला जवळजवळ ११३ किलो ओझं तोललं जातं. पण होडी पेटीसारखी चौकोनी नसते, पुढं निमुळती असते. म्हणून आपण दर इंचाला ८० किलोच धरू.

आता ओझं मांडू:

- दोन ताई, प्रत्येकी ६० किलो: १२० किलो
- ओलं जाळं: २५ किलो
- माशांचा क्रेट: ५० किलो
- वल्ही, दोर, नांगर, लाईफ जॅकेट, पिण्याचं पाणी: १५ किलो
- १२ फुटी हलक्या ॲल्युमिनियम होडीचं स्वतःचं वजन: सुमारे ६० किलो

एकूण २७० किलो. त्याला ८० ने भागलं तर साडेतीन इंचांच्या आत. काठ १८ इंच उंच असेल तर पाण्यावर १४ इंच उरतात. म्हणजे वीतभरापेक्षा बरंच जास्त. आमचा नियम असा ठरला: पूर्ण ओझं भरल्यावर पाण्यापासून काठापर्यंत वीतभर जागा उरलीच पाहिजे. त्याहून कमी उरली तर ओझं उतरवायचं. मासे जास्त लागले तर दोन खेपा करायच्या.

एक ताई लगेच म्हणाल्या, "मग अजून दोघी बसल्या तरी चालतंय की! दीड इंचच जास्त बुडंल." हिशेबाने बरोबर आहे. पण होडी नुसत्या ओझ्याने बुडत नाही, बऱ्याचदा ती कलंडते. दोघी एकाच बाजूला वाकून जाळं ओढायला लागल्या की सगळं वजन तिकडं जातं. म्हणून माणसांची मर्यादा वेगळी काढावी लागते.

अमेरिकेच्या कोस्ट गार्डने लहान होड्यांसाठी एक सोपा अंदाज दिला आहे. लांबी आणि रुंदी फुटांत घ्यायची, दोन्हीचा गुणाकार करायचा आणि १५ ने भागायचं. येईल तेवढी माणसं, तेही शांत पाण्यात आणि चांगल्या हवेत.

- १० × ३ फूट: ३० ÷ १५ = २ माणसं
- १२ × ४ फूट: ४८ ÷ १५ = ३ माणसं
- १४ × ४.५ फूट: ६३ ÷ १५ = ४ माणसं
- १६ × ५ फूट: ८० ÷ १५ = ५ माणसं

वरचा अपूर्णांक सोडून द्यायचा, वाढवायचा नाही. आणि जाळं व क्रेट मिळून एका माणसाहून जास्त वजन होतं, म्हणून एक माणूस कमी करायचा. १२ फुटी होडीत काम करणाऱ्या दोघी, १४ फुटीत तिघी. १० फुटीत एकटीच बसू शकते आणि एकटीने पाण्यात जायचं नाही हा आपला नियम आहे. म्हणून ती स्वस्त असली तरी आपल्या कामाची नाही.

३. लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची

विकणारा नेहमी लांबी सांगतो. आपण रुंदी विचारायची, तीही वरच्या काठाची नाही, बुडाची. लांबी तीच ठेवून ३ फुटांची रुंदी ४ फूट केली, तर होडीचा कलंडायला विरोध दुपटीहून जास्त वाढतो. पिण्याच्या पाण्याची घागर आणि परात आठवा. परात उलटी करायला जास्त जोर लागतो. जाळं ओढणाऱ्या बाईला परातीसारखी होडी पाहिजे.

४. उचलणार कोण?

हा मावशींचा प्रश्न. पाणी भरलेलं असताना होडी घाटापाशी असते. उन्हाळ्यात पाणी मागं जातं आणि मधे नुसता चिखल उरतो. होडी काठावर सोडून आलो तर चोरीची भीती.

१२ फुटी चपटी ॲल्युमिनियम होडी साधारण ५० ते ६० किलोची असते. चौघींनी उचलली तर प्रत्येकीच्या वाट्याला १५ किलो, म्हणजे भरलेल्या घागरीएवढं. १४ फुटी ८०-९० किलोपर्यंत जाते, तिला सहा जणी लागतात. १६ फुटी खोल बुडाची होडी दीडशे किलोच्या आसपास, तिला ट्रॉली किंवा ट्रॅक्टर पाहिजे. दरवेळी ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडायचं असेल तर ती होडी आपली राहत नाही.

५. जर्मनची की फायबरची?

ॲल्युमिनियमला आपण घरात जर्मन म्हणतो. त्याची चांगली बाजू: एवढ्याच मापाच्या लोखंडाच्या तुकड्यापेक्षा वजन सुमारे एक तृतीयांश, गंजून भोक पडत नाही, दगडावर घासली तर पोचा येतो पण सहसा फुटत नाही. पातेल्याचा पत्रा मात्र चालत नाही. ५०५२ किंवा ५०८३ या नंबरचा, पाण्यासाठीचा पत्रा आहे का ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

वाईट बाजूही ऐका:

- चीर गेली तर गेट-खिडक्या करणाऱ्या साध्या वेल्डरकडे दुरुस्ती होत नाही. आर्गॉन गॅसचं वेल्डिंग लागतं. तसा वेल्डर कुठं आहे ते होडी घ्यायच्या आधी शोधा. फायबरची होडी जड असते, पण तिला कापड आणि रेझिन लावून ठिगळ गावातही मारता येतं.
- मे महिन्याच्या उन्हात पत्रा तव्यासारखा तापतो. आत गोणपाट टाका. पाय भाजत नाहीत, आणि पत्र्यावर आपटल्याचा आवाज होऊन मासे पळत नाहीत. घरी आल्यावर गोणपाट काढून वाळवा.
- सोडा घालून जर्मनचं पातेलं उकळलं की काळं पडतं ना? तसंच होडीचं. सोडा, चुना, राख यांनी धुवायची नाही. साधं पाणी पुरे.
- लोखंडी नट-बोल्ट थेट बसवले तर त्या जागी पत्रा झिजतो. मध्ये रबराचा वायसर घाला.
- पाणी भरलं की ॲल्युमिनियम बुडतं. म्हणून बाकांखाली बंद फोम असलाच पाहिजे. विकणारा "आहे" म्हणेल. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात होडी काठोकाठ पाण्याने भरून बघा. तरंगत राहिली तर पैसे द्या.

६. समुद्रातही चालते म्हणजे काय?

व्हिडिओत तसं लिहिलं होतं म्हणून हे सांगते. समुद्रावर वारा शेकडो किलोमीटर मोकळा धावतो. तिथली लाट लांब आणि जोरकस असते. चपटं बूड तिच्यावर आपटतं. म्हणून समुद्राच्या होडीचं पुढचं टोक उंच, बूड व्ही आकाराचं, लांबी जास्त आणि जोडीला इंजिन असतं. खारं पाणी धातू लवकर खातं, त्यामुळे देखभालही जास्त. शिवाय महाराष्ट्राच्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानुसार (१९८१) तिथं परवाना लागतो आणि पावसाळ्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हे सगळं समुद्रासाठी योग्यच आहे. पण त्या ताकदीचे पैसे आपण तुरोरीच्या पाण्यासाठी का मोजायचे?

समुद्राकाठचं शिकण्यासारखं एक उदाहरण मात्र आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हं त्यांच्याच हातात असतं. त्यांनी खोल समुद्राचा हट्ट धरला नाही. खाडीचं शांत पाणी निवडलं आणि त्या पाण्याला जमेल अशी होडी घेतली. "बायकांना होडी जमते का" असं घरात कुणी विचारलं तर त्यांचं नाव सांगा.

७. हक्क आधी, होडी नंतर

होडी दारात आली आणि जाळं टाकायला कुणी दिलं नाही तर? जलाशयांचे मासेमारी हक्क ठेक्याने दिलेले असतात, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला. तुमच्या तलावाचा ठेका कुणाकडे आहे, किती वर्षांचा आहे, तुमच्या गटातल्या ताई त्या संस्थेच्या सभासद आहेत का, हे पहिलं बघा. नसतील तर सभासद होण्याचा अर्ज आधी आणि होडीचा अर्ज नंतर.

अनुदानाचं म्हणाल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांसाठी ठरवून दिलेल्या खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद आहे. यंदा होडी-जाळ्यासाठी कोणती योजना चालू आहे ते धाराशिवच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा आणि लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय खरेदी करू नका. ठरवलेल्या खर्चाच्या वर जे जाईल ते आपल्याच खिशातून जातं, हे लक्षात ठेवा.

समजा मोठी होडी ३०,००० रुपयांनी महाग आहे. गटाचा व्याजदर महिना १ टक्का धरला तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ३०० रुपये, मुद्दल वेगळी. तलाव आटला की मासे बंद, हप्ता मात्र चालूच. म्हणून पाण्याचे महिने मोजा आणि त्या महिन्यांतल्या कमाईतूनच हप्ता बसतो का ते बघा.

८. पाण्यात उतरायचे नियम

- प्रत्येकीच्या अंगात लाईफ जॅकेट, बांधलेलं. होडीत ठेवलेलं जॅकेट जीव वाचवत नाही. जॅकेटचे पैसे होडीच्या कोटेशनमध्येच धरायचे.
- लुगडं किंवा साडी भिजून पायात गुंतते. सलवार-कुर्ता किंवा घट्ट कासोटा बरा.
- दोघींनी एकाच बाजूला उभं राहायचं नाही. जाळं बसून ओढायचं.
- आभाळ भरून आलं, वीज चमकली की लगेच काठ गाठायचा.
- शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबली पाण्यातून गेलेल्या असतात. जोड उघडा असेल तर धातूच्या होडीला धोका. त्या बाजूला जायचं नाही आणि कुठल्या केबली आहेत ते आधी माहीत करून घ्यायचं.
- निघताना आणि परत आल्यावर गटातल्या एकीला फोन.

बैठकीत हे करून बघा

समाजमंदिराच्या अंगणात रांगोळीने १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद होडी आखा. पुढचं टोक निमुळतं काढा. आत दोघींनी बसा, मध्ये क्रेट आणि जाळं ठेवा, वल्हं म्हणून काठी घ्या. आता जाळं ओढायचं नाटक करा. कोण कुठं सरकली, कुणाचा हात रेषेबाहेर गेला, ते बाकीच्यांनी बघायचं. मग १० बाय ३ ची आखा आणि तेच करा. आमच्या बैठकीत १० फुटी होडीत दोघी बसल्या आणि क्रेट ठेवायला जागाच उरली नाही. १६ फुटी आखली तर मावशी म्हणाल्या, "हितं तर पंगत बसंल!" अर्ध्या तासात जे कळलं ते माझ्या व्हिडिओतून कळलं नव्हतं.

मग या प्रश्नांवर चर्चा करा:

१. आपल्या तलावात वर्षातले किती महिने होडी चालेल एवढं पाणी असतं?
२. एका वेळी होडीत कोण जाणार आणि काठावर कोण थांबणार?
३. उन्हाळ्यात होडी कुठं ठेवायची आणि कोण कोण उचलणार?
४. आपल्यात पोहता कुणाकुणाला येतं? बाकीच्यांना शिकवणार कोण?

चौथ्या प्रश्नावर आमची बैठक बराच वेळ गप्प होती. वीस जणींच्या गटात पोहता येणाऱ्या तिघीच निघाल्या. त्यामुळे त्या गटाने अजून होडी घेतलेली नाही. १२ बाय ४ फुटांचं माप ठरलं आहे, तीन ठिकाणची कोटेशनं मागवली आहेत आणि संस्थेकडे सभासदत्वाचा अर्ज गेला आहे. तोवर रविवारी सकाळी मावशी काठाजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात ताईंना पोहायला शिकवतात. मीही जाते. पहिल्या दिवशी मी नाका-तोंडात पाणी घेऊन बाहेर आले. मावशी म्हणाल्या, "आता जरा कळाया लागलंय बघ तुला होडीतलं."

तुमच्या गटाने अंगणात कोणत्या मापाची होडी आखली आणि काय ठरवलं, ते पुढच्या प्रभाग बैठकीत नक्की सांगा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, उमरगा